शोधनिबंधाची सनद कोण तपासणार?

फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘यूजीसी-केअर’ ही संशोधन नियतकालिकांची यादी बंद केल्याचे जाहीर केले. कोणत्या जर्नलमध्ये छापलेला पेपर ग्राह्य धरायचा, हे आता प्रत्येक विद्यापीठाने, प्रत्येक महाविद्यालयाने आणि शेवटी प्रत्येक संशोधकाने स्वतः ठरवायचे आहे. आयोगाने त्यासाठी काही निकष सुचवले आहेत. यादी मात्र उरलेली नाही.

आपल्या समाजात या बातमीची चर्चा झाल्याचे दिसले नाही. शिष्यवृत्ती बंद झाली की आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो, आणि ते योग्यच आहे. पण जर्नलची यादी बंद झाली तर त्याचे आपल्याला काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. या निर्णयाचा फटका सर्वात आधी त्या मुलामुलींना बसणार आहे, ज्यांच्या घरात त्यांच्याआधी कुणी संशोधन केलेले नाही. आपल्या समाजात अशा घरांचे प्रमाण मोठे आहे.

उदाहरणादाखल पुण्याच्या पूर्वेकडचे लोणी काळभोर घेऊ. सोलापूर रस्त्यावरचे हे गाव. एकेकाळी राज कपूर यांची शेती असलेली राजबाग इथेच. आज त्या परिसरात २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेले एमआयटी कला, रचना व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे आणि तिथे अभियांत्रिकीही शिकवली जाते. या परिसराभोवती एक चक्कर मारली तरी ‘शाश्वत अभियांत्रिकी’ म्हणजे काय, ते पुस्तक न उघडता कळते. गावाशेजारी तेल कंपन्यांचे डेपो आहेत. पुणे शहराचे सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा इथून पुढे थेऊरकडे जाते, नंतर भीमेला मिळते आणि ते पाणी उजनीत पोहोचते. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या कचरा डेपोने पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसला. खडकवासल्याचा कालवा इथूनच दौंड-इंदापूरकडे जातो. आजूबाजूला ऊस आहे, आणि थेऊरला अनेक वर्षे बंद पडलेला यशवंत सहकारी साखर कारखाना आहे. पाणी, कचरा, इंधन, शेती आणि बांधकाम हे अभियंत्यापुढचे पाचही प्रश्न वर्गाच्या खिडकीतून दिसतात. असल्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलाला विषय शोधायला परदेशी पेपर चाळावे लागू नयेत.

एकच प्रश्न जरा खोलात पाहू: सिमेंट. जगात माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ८ टक्के एकट्या सिमेंट उद्योगातून येतो. त्यातला मोठा भाग भट्टीच्या इंधनातून येत नाही. चुनखडी तापवली की ती स्वतःच हा वायू सोडते, म्हणजे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा भाग राहणारच. यावरचा एक महत्त्वाचा उपाय म्हणजे सिमेंटमधल्या क्लिंकरचे प्रमाण कमी करायचे. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि भारतातल्या संशोधकांनी मिळून त्यासाठी भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी वापरून ‘एलसी-३’ नावाचे सिमेंट विकसित केले. त्यामुळे उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. भारतात त्याचे मानक २०२३ मध्ये आले. एका प्रयोगशाळेने दावा केला म्हणून ते मानक झाले नाही. वर्षानुवर्षे पेपर लिहिले गेले, दुसऱ्या देशांतल्या लोकांनी ते तपासले, त्यातल्या चुका काढल्या, प्रयोग पुन्हा केले, तेव्हा कुठे त्यावर विश्वास ठेवता आला.

आता याच प्रश्नाचे आपल्या गावातले रूप पाहा. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस जळते आणि राख उरते. या राखेत सिलिका असते. ती नीट जळालेली आणि बारीक दळलेली असेल, तर काँक्रीटमध्ये थोड्या सिमेंटच्या जागी वापरता येते. प्रश्न आहे तो ‘थोड्या’ म्हणजे किती याचा. प्रत्येक कारखान्याची राख वेगळी असते. बॉयलरचे तापमान, न जळालेला कार्बन, दळण किती बारीक, यावर सगळे अवलंबून असते. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला असा प्रकल्प अनेक ठिकाणी करतात. सिमेंटच्या जागी ०, ५, १०, १५, २० टक्के राख घालायची, १५० मिलिमीटरचे ठोकळे ओतायचे, पाण्यात ठेवायचे आणि ७ व २८ दिवसांनी दाबून फोडायचे. प्रामाणिक उत्तर असे येऊ शकते की अमुक कारखान्याची राख १० टक्क्यांपर्यंत चालते, २० टक्क्यांना ताकद पडते. किंवा असेही येऊ शकते की ती अजिबात चालत नाही. हे दुसरे उत्तरही तितकेच मोलाचे आहे, कारण त्यामुळे पुढच्याचा वेळ आणि कुणाचे तरी छप्पर वाचते.

पण २८ दिवस थांबायचे कुणाला? ठोकळे ७ दिवसांनी फोडायचे आणि २८ दिवसांचा आकडा ‘अंदाजाने’ लिहायचा, हा मोह मोठा असतो. खरे जर्नल असेल तर समीक्षक विचारतो, एका प्रमाणाचे किती ठोकळे फोडले, आकड्यांतला फरक किती, राखेचे रासायनिक पृथक्करण कुठे आहे. पैसे घेऊन छापणारे जर्नल यातले काहीच विचारत नाही. त्याची ई-मेल येते, ‘तीन दिवसांत प्रसिद्धी’, ‘आंतरराष्ट्रीय’, ‘आयएसएसएन प्राप्त’. पैसे भरले की पेपर छापून येतो आणि प्रमाणपत्रही मिळते.

आयएसएसएनबद्दलचा गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. आयएसएसएन हा केवळ नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे. गाडीला नंबर प्लेट मिळाली म्हणजे चालकाला गाडी येते असे होत नाही, तसेच हे. दर्जाशी त्याचा काहीही संबंध नाही.

हा बाजार किती मोठा आहे याची कल्पना दोन तपासण्यांवरून येते. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने मुद्दाम ढोबळ चुका घातलेला एक बनावट पेपर ३०४ जर्नलना पाठवून पाहिला. निम्म्याहून अधिक, म्हणजे १५७ जर्नलनी तो स्वीकारला. पेपर पाठवलेल्या जर्नलपैकी जवळपास एक तृतीयांश भारतातली होती. मग २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्याच तेव्हाच्या मान्य यादीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या आणि इतर कोणत्याही मान्य सूचीत नसलेल्या जर्नलपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात, असे त्यात दिसले. त्याच वर्षी आयोगाने ४ हजार ३०५ जर्नल यादीतून काढली. त्यानंतर २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली. तिचे काम कुठून चालत होते? पुण्यातूनच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून. म्हणजे रोगाचे निदानही पुण्यात झाले आणि औषधही पुण्यातच तयार झाले.

हा फक्त भारताचा किंवा फक्त स्वस्त जर्नलचा रोग आहे असेही समजू नये. वायली या बड्या प्रकाशनसंस्थेला २०२३ मध्ये आपल्या हिंदावी शाखेतले ८ हजारांहून अधिक पेपर मागे घ्यावे लागले. पेपर मोजून बढती देण्याची पद्धत जगभर आहे. जिथे मोजणी आली, तिथे बनावट माप येणारच.

काही जण म्हणतात, केअर यादी परत आणा, म्हणजे प्रश्न सुटेल. यामागची काळजी खरी आहे. घरात विचारायला कुणी नसलेल्या विद्यार्थ्यासाठी ती यादी ही एकमेव काठी होती. पण ती काठीही पोकळ होऊ लागली होती. यादीतल्या चांगल्या जर्नलच्या नावाने हुबेहूब नकली संकेतस्थळे निघाली आणि त्यांनी पैसे उकळले. भारतीय भाषांतल्या चांगल्या नियतकालिकांना यादीत जागा मिळवणे अवघड गेले. आणि सर्वात वाईट म्हणजे, यादीत नाव आहे ना, मग वाचायची गरज नाही, अशी सवय शिक्षकांनाही लागली. यादी माणसाला विचार करण्यापासून सुट्टी देते. म्हणून यादी परत यावी असे मला वाटत नाही. पण काठी काढून घेताना चालायला कुणी शिकवले नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

आता आपल्या समाजाच्या आकड्यांकडे येऊ. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिमांचे प्रमाण ५.५ टक्के होते. २०२०-२१ मध्ये ते ४.६ टक्क्यांवर आले. २०२१-२२ मध्ये संख्या पुन्हा २१ लाखांच्या पुढे गेली, तरी प्रमाण ५ टक्क्यांच्या आतच राहिले. देशाच्या लोकसंख्येत आपण १४ टक्के आहोत. पीएचडी करणाऱ्यांना आधार देणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली, ६ हजार कोटी रुपयांची आणि सुमारे १३ हजार जर्नल खुली करणारी. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे. कर्ज काढून खासगी विद्यापीठात शिकणारा मुलगा तिच्या बाहेर राहिला. दर्जेदार जर्नल वाचायला मिळत नाही आणि बोगस जर्नल रोज दार ठोठावते, अशा कात्रीत तो सापडतो.

याविरुद्ध मागण्या केल्याच पाहिजेत. फेलोशिप परत सुरू करा, जर्नलची योजना सर्व विद्यार्थ्यांना लागू करा. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘मार्टी’ या अल्पसंख्याक संशोधन संस्थेला बार्टी आणि सारथीच्या बरोबरीने निधी आणि फेलोशिप द्या. पण मागणी करणाऱ्याचा हात स्वच्छ असावा लागतो. फेलोशिप मिळवून तिचे पैसे बोगस जर्नलला भरले, तर आपण सरकारकडून न्याय मागितला आणि तो दुकानदाराला देऊन टाकला, असे होईल.

आणि इथे आपल्याच परंपरेतली एक गोष्ट आठवण करून देण्यासारखी आहे. आपल्या मुलांना मक्तबमध्ये हदीस शिकवतात. पण हदीस तपासण्याचे शास्त्र काय होते, हे क्वचितच सांगतात. एखादे कथन समोर आले की जुने मुहद्दिस आधी सनद विचारत. हे तू कुणाकडून ऐकलेस? त्याने कुणाकडून? ते दोघे एकमेकांना भेटले होते का? रावीची स्मरणशक्ती कशी होती, तो खोटे बोलल्याचे कधी आढळले का? साखळीतला एक दुवा कच्चा निघाला की कथन ‘जईफ’ ठरे, मग सांगणारा कितीही मोठा असो. त्यानंतर मतन, म्हणजे मजकुराची तपासणी होई. या परीक्षणाचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले, ‘जर्ह व तादील’. बातमी आली तर आधी शहानिशा करा, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहे. आणि विज्ञानात इब्न अल-हैसमने टॉलेमीसारख्या मान्यवरावर शंका घेणारा ग्रंथच लिहिला.

आजचा पिअर रिव्ह्यू आणि हे शास्त्र एकच आहे असा दावा मी करत नाही. सगळे विज्ञान आपल्या ग्रंथांत आधीच होते असे म्हणायची जी सवय आपल्यात आणि इतरांतही आहे, तिला माझा विरोधच आहे. धर्मकथन तपासण्याची रीत वेगळी आणि काँक्रीटचा ठोकळा तपासण्याची वेगळी. पण वृत्ती एकच लागते: माझ्याच माणसाने सांगितले तरी तपासल्याशिवाय मानणार नाही. जी जमात सनद विचारण्याचा अभिमान सांगते, तिच्या मुलाने सनद नसलेल्या जर्नलमध्ये पेपर छापावा, ही विसंगती आपल्याला टोचायला हवी.

इतिहासाचा अभिमान आपण पुष्कळ सांगतो. औरंगाबादची मलिक अंबरची नहर, तिचे जमिनीखालचे नळ, केवळ उताराच्या जोरावर शहरभर फिरवलेले पाणी, हे सांगताना छाती फुगते. फुगावीच. पण त्या नहरीत उतरून मोजमाप घेणारे, तिचा उतार, गळती आणि पाण्याचा दर्जा तपासून लिहिणारे आपल्या मुलांत किती? वारसा सांगितल्याने टिकत नाही, मोजून लिहून ठेवल्याने टिकतो.

तपासून लिहिणे आणि दुसऱ्याचे लिहिलेले तपासणे, हे दोन्ही करणारा एक माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. सालिम अली (१८९६–१९८७). प्राणिशास्त्राची विद्यापीठीय पदवी त्यांच्याकडे नव्हती. मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेल्यावर अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी १९३० च्या पावसाळ्यात सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे निरीक्षण केले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग तो ते पुरे करतो आणि दुसरे घरटे सुरू करतो, हे त्यांनी दिवसेंदिवस बसून नोंदवले. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. १८८६ पासून निघणाऱ्या त्याच नियतकालिकाच्या संपादकांमध्ये पुढे सालिम अलींचेही नाव लागले. आपण त्यांना ‘पक्षितज्ज्ञ’ म्हणून ओळखतो. पण दुसऱ्याच्या नोंदी वाचून, पुरावा मागून, कच्चे ते परत पाठवून एक नियतकालिक चालवणे, हेही त्यांच्या कामाचा भाग होते.

नियतकालिक चालवणे हे काम आपल्याकडे कुणी करिअर म्हणून सांगत नाही. त्यात काय असते? आलेला पेपर आधी विषयाला धरून आहे का हे पाहायचे. मजकूर कुठून उचललेला नाही ना, हे तपासायचे. त्या विषयातले दोन-तीन जाणकार शोधून त्यांच्याकडे लेखकाचे नाव झाकून पाठवायचा. ते बहुधा फुकट काम करतात, म्हणून त्यांना आठवण करत राहायचे. त्यांचे आक्षेप लेखकाला कळवायचे, दुरुस्ती आली की पुन्हा वाचायची. छापल्यावर चूक सापडली तर दुरुस्ती छापायची, फसवणूक सापडली तर पेपर मागे घ्यायचा, आणि हे लपवायचे नाही. सर्वात अवघड काम म्हणजे ओळखीच्या माणसाला ‘नाही’ म्हणणे. संपादकाचा खरा अधिकार या एका शब्दात असतो. आणि ज्या जर्नलचे उत्पन्न प्रत्येक छापलेल्या पेपरमागे येते, त्याला हा शब्द परवडत नाही. म्हणून लेखकाकडून पैसे न घेणारी आणि वाचकाला फुकट उपलब्ध असणारी जर्नल विद्यापीठांनी आणि शिक्षणसंस्थांनी स्वतःच्या खर्चाने चालवायला हवीत. इमारतीवर जितका खर्च होतो, त्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

कुणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न असताना ही चैन कशाला? ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. तो अपघात कुणाच्या पेपरमुळे झाला नाही. निकृष्ट माल आणि विकलेली यंत्रणा यामुळे झाला. पण ठोकळा न फोडता आकडा लिहिणे आणि तपासणी न करता परवानगी देणे, ही एकाच झाडाची फळे आहेत. आपल्या वस्त्यांत घरे अभियंत्याविना, मिस्त्रीच्या अनुभवावर उभी राहतात. तिथे खोट्या आकड्याची किंमत आपलीच माणसे मोजतात.

आणि आपल्याच वस्त्यांत या विषयाची न लिहिलेली प्रयोगशाळाही आहे. भंगारवाले, गॅरेजवाले, फ्रिज-एसी दुरुस्त करणारे, जुन्या मोटारी पुन्हा वाइंडिंग करणारे, पत्र्याचे डबे सरळ करून विकणारे. वस्तूचे आयुष्य वाढवणे हेच शाश्वत अभियांत्रिकीचे अर्धे सूत्र, आणि ते आपले चाचा-मामू रोज करतात. एका रीवाइंड केलेल्या मोटारीची कार्यक्षमता किती घटते? भंगारातला कोणता प्लास्टिकचा प्रकार परत वापरला जातो आणि कोणता जाळला जातो? जाळणाऱ्याच्या फुप्फुसाचे काय होते? हे विचारायला आपल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींइतकी जवळची माणसे दुसरी नाहीत. दुकानात बसून मोजले तर त्यातून खरा पेपर निघतो, आणि दुकानदाराला त्याचा उपयोगही होतो.

तर करायचे काय? पेपर पाठवण्याआधी त्या जर्नलचे मागचे दोन अंक उघडून चार पेपर वाचा. वाचण्यासारखे नसतील तर तिथे आपला छापून काय मिळणार? संपादक मंडळातली माणसे खरी आहेत का आणि त्यांना आपण त्या मंडळावर असल्याचे ठाऊक आहे का, हे पाहा. समीक्षेला किती वेळ लागतो ते विचारा. तीन दिवस हे उत्तर आले तर तिथून निघा. डीओएजे या खुल्या जर्नलच्या सूचीत आणि शोधगंगेवरच्या प्रबंधांत पैसे न भरता पुष्कळ वाचायला मिळते. गाईडने बोगस जर्नल सुचवले तर नम्रपणे कारण विचारा. नापास झालेला प्रयोगही लिहा. समीक्षकाचे कडक पत्र आले तर रडू नका, कुणीतरी तुमचे काम मन लावून वाचले आहे.

आणि आपल्या संस्थांनी, जमातींनी, चळवळींनी एक साधी गोष्ट करावी. ज्यांनी संशोधन केले आहे अशा प्राध्यापक-अभियंत्यांनी महिन्यातून एक रविवार मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत बसावे आणि मुलांचे पेपर पाठवण्याआधी वाचावेत. हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती कुणीही विद्यार्थी आला तरी त्याचाही वाचावा, कारण खोट्या आकड्याला धर्म नसतो. प्रत्येक पेपरचा एक पानी सारांश सोप्या मराठीत लिहायला लावावा. जो मुलगा आपले काम अम्मीला मराठीत किंवा दखनीत समजावू शकत नाही, त्याला ते बहुधा अजून समजलेले नाही.

सत्कारात आपण दहावी-बारावीच्या मुलांना शाल देतो, पीएचडी झालेल्यांचे फलक लावतो. यापुढे फलक लावण्याआधी एक प्रश्न विचारू या: पेपर कुठे छापला, आणि कुणी तपासला? उत्तर चांगले आले तर फलक मोठा लावू.